रॉयसचा उजवा हात

लार्किन, कॅन्सस
२० एप्रिल १९६९

डेल्फिनास,

लग्नानंतर मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस, तेव्हा फिट्टंफाट झाली. आता कामाचं लिहिते.

रॉयस पत्र लिहीत नाही. फोन केला तर "बरं आहे आई" म्हणतो आणि ठेवून देतो. तो खेळतो ती बेसबॉलची लीग इतकी तळाची आहे की तिचे निकाल आमच्या पेपरात येत नाहीत. म्हणून अधूनमधून तू मला एवढंच कळवत जा: त्यानं किती डाव चेंडू टाकला, किती जणांना बाद केलं आणि हात कसा आहे. मी पिचरची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याची, आई आहे, तू पिचरची बायको आहेस. बाकी मला काही विचारायचं नाही.

रिकाम्या पोटी त्याला कॉफी देऊ नकोस.

ओपल प्रुइट


कॅडो क्रीक, टेक्सस
४ मे १९६९

सासूबाई,

तुमचं पत्र इतकं पातळ होतं की पोस्टातल्या बाईनं मला विचारलं, "तार आहे का गं?"

सहा डाव टाकले. आठ जण बाद. दोन धावा दिल्या, त्यातली एक मैदानात डावीकडे उभ्या असलेल्या पोराच्या हातून चेंडू सुटला म्हणून. जिंकलो. हात छान आहे. झालं तुमचं काम.

आता माझं. आम्ही एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहतो. खालून दिवसभर वाफ येते, त्यामुळे रॉयसचे शर्ट न इस्त्री करताच सरळ होतात. संघाची बस गेल्या आठवड्यात वाटेत बंद पडली आणि झेलणाऱ्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी ती ढकलत पेट्रोल पंपापर्यंत नेली. रॉयसला म्हणे ढकलू दिलं नाही, हात दुखावेल म्हणून. तो चालकाशेजारी बसून गाणी म्हणत होता. माझे वडील म्हणतात, असला जावई म्हणजे सर्कशीतला जावई, फक्त हत्ती नाही. पण माझी आई दर रविवारी त्याच्यासाठी मक्याच्या पानात उकडलेले टमाले पाठवते आणि तो सगळे खातो.

तुम्ही लग्नाला का आला नाहीत हे मी विचारत नाही. विचारत नाही, एवढं तुम्हाला कळलं तरी पुष्कळ.

डेल्फिना


लार्किन
११ मे १९६९

डेल्फिना,

विचारलं नाहीस तरी सांगते. माझा मुलगा घरापासून लांब गेला, भूक लागली आणि जिनं पहिल्यांदा जेवू घातलं तिच्याशी लग्न करून बसला, असं मला वाटलं. हे वर्षभरात मोडणार, मोडणाऱ्या गोष्टीसाठी एवढा लांबचा प्रवास कशाला, असंही वाटलं. अजून वर्ष झालेलं नाही, तेव्हा मी चुकले असं आताच म्हणणार नाही.

तू पत्र चांगलं लिहितेस. डावीकडच्या पोराच्या हातून चेंडू सुटला हे कळवलंस ते बरं केलंस. मला अशाच गोष्टी हव्या असतात. रॉयस लहान असताना शेडच्या मागे मीच त्याच्यासमोर उकिडवी बसून चेंडू झेलायची. त्याच्या बापाला ते जमण्यासारखं नव्हतं. माझं डाव्या हाताचं मधलं बोट अजून सरळ होत नाही, ती तुझ्या नवऱ्याची करामत.

हरला तर तो जेवत नाही. आग्रह करू नकोस. ताट झाकून ठेव आणि दुसऱ्या खोलीत जा. दहा मिनिटांत खाईल.

ओपल प्रुइट


हार्लो, अलाबामा
२३ ऑगस्ट १९७१

सासूबाई,

मध्ये बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही घडत नाही आणि थकायला मात्र होतं. ही इथली दुसरी उन्हाळी फेरी. कॅडो क्रीकहून एक पायरी वर आलो तेव्हा मला वाटलं होतं, आता दरवर्षी एकेक पायरी. पण वरच्या पायरीवर आधीच कोणीतरी बसलेलं असतं आणि ते उठेपर्यंत आपण उभं राहायचं.

काल सात डाव, पाच बाद, हरलो. हात ठीक.

इथं खेळाडूंच्या बायका मैदानात एकाच ओळीत बसतात. परवा आमच्या ओळीतली एक जागा रिकामी होती. पेगी नावाची मुलगी, माझ्याशी बरं बोलायची. तिच्या नवऱ्याला सकाळी ऑफिसात बोलावलं आणि सोडून दिलं. दुपारी त्यांची गाडी गेलीसुद्धा. संध्याकाळी ओळीतल्या बायका सरकून बसल्या आणि कोणी तिचं नाव काढलं नाही. मीही नाही काढलं. नाव घेतलं की ते आपल्याकडे वळेल असं वाटतं.

घर म्हणजे आता गाडीच्या डिकीत मावेल तेवढं. दोन पातेली, एक तवा, एक रेडिओ. हिवाळ्यात मी पेकानचे अक्रोड सोलायला जाते, रॉयस टायरच्या दुकानात जातो, आणि फेब्रुवारी लागला की त्याचे डोळे पुन्हा मैदान शोधायला लागतात. मग मी पातेली डिकीत भरते.

डेल्फिना


लार्किन
३० ऑगस्ट १९७१

डेल्फिना,

वर्ष होऊन गेलं. दोन झाली. मोडलं नाही. मी चुकले.

या हिवाळ्यात पेकान सोलायला जाऊ नकोस, दोघं इकडे या. मी शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, तिथं माणूस लागतो. आणि मला 'सासूबाई' म्हणतेस ते दरवेळी कोणीतरी दार वाजवल्यासारखं वाटतं. आई म्हण. तुला तुझी आई आहे हे मला माहीत आहे. दोन असल्या तर बिघडत नाही.

आई


वॉल्टन फॉल्स, आयोवा
९ जून १९७२

आई,

पोचलो! इथून वर आता एकच लीग, ती खरी, जिचे निकाल तुमच्या पेपरात येतात. रॉयस सव्वीस वर्षांचा झाला आणि इथं सगळे त्याला 'म्हातारबा' म्हणतात, पण प्रेमानं. मॅनेजर हॅटन म्हणून आहेत, पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. त्यांनी रॉयसला सांगितलंय, सप्टेंबर लागला की वरचा संघ इथून चार-पाच जणांना उचलतो, तू असाच टाकत राहा.

आठ डाव, एकच धाव. हात छान.

एक गंमत सांगते. तुमचा मुलगा हल्ली डाव्या हाताचा झालाय. भांग डाव्या हातानं पाडतो, तोही वाकडा. गाडीची किल्ली डाव्या हातानं फिरवतो. मी विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणतो, "उजव्याचं एवढं कौतुक होतं, डाव्याला वाईट वाटतं." मी हसत सुटले.

पोरगी व्हायला हवी असं त्याच्या मनात आहे. माझ्याही. पण सप्टेंबरनंतर.

तुमची डेल्फिना


लार्किन
१३ जून १९७२

डेल्फिना,

ती गंमत नाही. त्याचं कोपर गेलंय किंवा जायच्या वाटेवर आहे. हात वर नेऊन कोपर वाकवलं की दुखतं, म्हणून भांग. मनगट फिरवलं की दुखतं, म्हणून किल्ली. जेवताना बघ, घास तोंडाकडे नेण्याऐवजी तोंड घासाकडे नेतो का. सकाळी शर्टाचं वरचं बटण कोण लावतं ते बघ.

त्याला सांग, मॅनेजरला सांग म्हणावं. आज.

आई


वॉल्टन फॉल्स
२ जुलै १९७२

आई,

तुमचं पत्र वाचून मी घाबरलेच. त्याला विचारलं. तो हसला, हात खांद्यापासून गरागरा फिरवून दाखवला आणि मला उचलून टेबलावर ठेवलं. जरा कडक झालाय म्हणतो, हंगामाच्या मध्यावर सगळ्यांचेच होतात. त्यानंतर दोन सामने जिंकला. जेवतोही नीट. तुम्ही काळजी करू नका. इकडे हवा फार सुंदर आहे, नदीकाठी माणसं मासे धरत बसतात.

डेल्फिना


लार्किन
१९ ऑगस्ट १९७२

डेल्फिना,

गेल्या दोन पत्रांत तू मला हवा आणि मासे कळवलेस. बटणाचं कळवलं नाहीस.

मी शुक्रवारच्या बसनं येते आहे. शनिवारचा सामना बघेन. त्याला सांगू नकोस.

आई


वॉल्टन फॉल्स
४ सप्टेंबर १९७२

आई, (हे लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही लिहिता येत नाही)

तुम्ही रविवारी सकाळी बसमध्ये बसलात तेव्हा मी तुम्हाला सँडविच बांधून दिलं, खिडकीखाली उभी राहून हात हलवला. आदल्या दिवशी आपण दोघी शेजारी बसून सामना बघितला, तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. मला वाटलं, आता या माझ्या झाल्या. आणि मी घरी येते तर रॉयस पलंगावर बसलेला, बूटसुद्धा न काढता. म्हणाला, "आई काल हॅटनच्या खोलीत गेली होती. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. सामना संपल्यावर तुम्ही "जरा हात धुऊन येते" म्हणून गेलात.

सोमवारी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी कोपराचे फोटो काढले. हंगाम संपला त्याचा. एक तारखेला वरून बोलावणं आलं ते आमच्याच संघातल्या फिंचला. फिंच चांगला मुलगा आहे, तो आमच्या दारात येऊन उभा राहिला. रॉयसनंच त्याच्या पाठीवर थाप मारली. डाव्या हातानं.

आई, मला माहीत होतं. जूनमध्ये तुमचं पत्र आलं त्याच सकाळी मी त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं होतं. तो मला म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत फक्त. डेल्फी, एक दिवस. त्या मैदानावर मला एक दिवस उभं राहू दे, मग हात गळून पडला तरी चालेल." चार वर्षं मी पातेली डिकीत भरली ती त्याच एका दिवसासाठी. मी बर्फ फोडून दिला, बटणं लावली, तुम्हाला माशांचं लिहिलं. आठवडा राहिला होता हो. एक आठवडा तुमच्यानं गप्प बसवलं नाही?

डेल्फिना


लार्किन
१० सप्टेंबर १९७२

डेल्फिना,

नाही बसवलं.

काय झालं ते तुला माझ्याकडूनही कळू दे. तिसऱ्या डावानंतर तो बाकाकडे आला, पाण्याचा पेला उचलला आणि तो त्याच्या हातातून पडला. त्यानं खाली बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या पोरानं दुसरा पेला भरून त्याच्या डाव्या हातात दिला. म्हणजे त्या पोराला सवय होती. तेव्हाच मी ठरवलं.

हॅटन कपडे बदलत होता. मी म्हटलं, "माझ्या मुलाचा हात मोडलाय." तो म्हणाला, "बाई, मला जूनपासून ठाऊक आहे. वरच्यांनाही अंदाज आहे. त्याला वर जायचंय, आम्हाला डाव काढून हवेत. कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नाही. तुम्ही मध्ये का पडता?"

मी म्हटलं, "ठीक आहे. मग हेच मोठ्यानं म्हणा. बाहेर तुमची पोरं बसलीत, त्यांच्यासमोर म्हणा." तो दार लावायला उठला. मी दारातच उभी राहिले. माझ्यासारख्या बाईला ढकलणं त्याला जमलं नाही, आणि बाहेरची पोरं आता दाराकडे बघत होती. मग तो खाली बसला आणि म्हणाला, "सोमवारी पाठवतो डॉक्टरकडे."

एवढंच. मी त्याला काही नवीन सांगितलं नाही. तुम्हा सगळ्यांना ठाऊकच होतं.

रॉयस पाच वर्षांचा असताना त्याच्या बापाचा उजवा हात धान्य वर चढवणाऱ्या यंत्रात सापडला. हात राहिला, पण लाकडासारखा. तो जाईपर्यंत मी त्याच्या ताटातलं मांस कापून दिलं. मी सुरी हातात घेतली की तो खिडकीबाहेर बघायचा. मला तुला त्या खुर्चीत बसवायचं नव्हतं.

तू रागाव. मला पत्र लिहिलं नाहीस तरी मी लिहीन.

आई


लार्किन
२५ डिसेंबर १९७२

डेल्फिना,

पार्सल पाठवलंय. तुला स्वेटर, त्याला मोजे. त्याची शस्त्रक्रिया नीट झाली असं टायरच्या दुकानाच्या मालकाकडून फोनवर कळलं. दुसऱ्या कोणाला विचारणार.

आई


कॅडो क्रीक, टेक्सस
१७ मे १९७३

आई,

मोजे तो घालतो. कोणी पाठवले ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. त्याला माहीत आहे.

पुन्हा कॅडो क्रीक. लाँड्री बंद झाली, आता तिथं रंगाचं दुकान आहे. संघात सगळी एकोणीस-वीस वर्षांची पोरं. रॉयसचा चेंडू आता पूर्वीसारखा सणसणत जात नाही. तो हळू टाकतो, कडेकडेनं टाकतो, आणि पोरांना वाटतं हा मुद्दाम चेष्टा करतोय. चार डाव, दोन बाद, तीन धावा. हात... सामना झाला की दोन दिवस तो हात उशीवर ठेवून बसतो. आता मी तुम्हाला हवा आणि मासे लिहिणार नाही.

मला दिवस गेलेत. नोव्हेंबरात बाळ येईल.

तो तुमच्याबद्दल बोलत नाही. वाईटही बोलत नाही. तुमचं नाव निघालं की खोलीतून उठून जातो. मी तुमच्यावर अजून रागावलेली आहे का, हे मला कळत नाही. सकाळी असते. संध्याकाळी तो बूट काढायला वाकतो आणि डाव्या हातानं नाड्या सोडवत बसतो, तेव्हा नसते.

डेल्फिना


कॅडो क्रीक
६ ऑगस्ट १९७४

आई,

रॉयसला सोडलं. काल सकाळी.

ऑफिसात बोलावणं आलं तेव्हा तो दाढी करत होता. अर्धी दाढी राहिली होती. मी म्हटलं, "पूर्ण कर, मग जा." त्यानं पूर्ण केली, शर्ट घातला, मी वरचं बटण लावलं. परत यायला फार वेळ लागला नाही. मॅनेजर त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठा आहे, तोच रडायला लागला म्हणे, आणि रॉयसनंच त्याला पाणी दिलं.

मग तो पायरीवर बसला. आमची इनेस त्याच्या मांडीवर. आता नऊ महिन्यांची आहे, कानांना हात घालते सगळ्यांच्या. मग म्हणाला, "आई गेली नसती हॅटनकडे, तर मी एक दिवस तिथं उभा राहिलो असतो."

मी म्हटलं, "हो."

"एक दिवस, डेल्फी. फिंच अकरा दिवस होता. त्याचं नाव वरच्या लीगच्या खेळाडूंच्या पुस्तकात छापलंय. कायमचं."

मी पुन्हा "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? खरंच आहे ते. मला वाटलं तो रडेल, पण त्यानं इनेसला उचललं. दोन्ही हातांनी, डोक्याच्या वर. कोपर सरळ होत नाही पूर्ण, पण उचललं. ती खिदळायला लागली. त्यानं तिला पुन्हा उचललं. मी आत निघून आले, कारण मला तुमची आठवण आली आणि त्याच्यासमोर यायला नको होती.

मेक्सिकोतल्या एका संघाचा माणूस आला होता, हळू टाकणारा पिचर चालेल म्हणाला. रॉयसनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुला जायचं तर जा. मी पातेली भरणार नाही." हे मी ठरवून बोलले नाही, तोंडातून गेलं. तो त्या माणसाला "नको" म्हणाला.

काल मी विचारलं, "कुठं जायचं?" मग मीच म्हटलं, "लार्किन?" तो उठून गाडीचं तेल बघायला गेला.

रविवारी निघतो, सोमवारी दुपारी पोचू. आई, आधीच सांगते: त्यानं तुम्हाला माफ केलेलं नाही. तो दमलाय, आणि दुसरीकडे जायला जागा नाही, म्हणून येतोय. तुम्ही त्याला तसाच घरात घ्या. मी माझ्यापुरतं सांगायचं तर मला तुमच्याकडेच यायचं होतं.

तुमची डेल्फिना


[दारावर टाचलेली चिठ्ठी]

लार्किन, सोमवार

डेल्फिना,

शाळा बंद आहे तोवर मी शेतमजुरांच्या टोळीला रांधते, आज सुट्टी मिळाली नाही. साडेसहाला येते. दार उघडं आहे. माझी खोली तुम्हा तिघांना काढून ठेवली आहे, तिथं पंखा आहे. मी पुढच्या खोलीत झोपेन. ओव्हनमध्ये कोंबडी आहे, इनेससाठी बटाटा कुस्करून ठेवलाय, मीठ घातलेलं नाही.

रॉयस,

मी केलं ते मला आजही बरोबर वाटतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन. तुझा तो दिवस माझ्यामुळे गेला, तो मला परत देता यायचा नाही, हेही मला ठाऊक आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही घेऊनच आपल्याला एका टेबलाशी बसायचं आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी तुला बोलायला लावणार नाही.

पण मी येईपर्यंत थांब. तिची आजी असून मी त्या पोरीला अजून पाहिलेलं नाही, आणि तिला माझ्याकडे तू द्यावीस असं मला वाटतं.

आई